नलूच्या गच्चीवरचा हिरवा खांब

नवापूरच्या नलूला कुणी काही नवीन सांगितलं की ती आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघायची आणि मग म्हणायची, "दाखव."

लग्नाच्या बोलणीत मुलगा तांडेल आहे, होडीचा म्होरक्या, घरची होडी आहे, असं सांगितलं गेलं, तेव्हाही ती म्हणाली होती, "होडी दाखवा." मग किनाऱ्यावर जाऊन, होडीच्या तळाला तीन-चार ठिकाणी मुठीने ठोकून बघून तिने मान हलवली. मुलगा तिने नंतर पाहिला. तिची सासू रत्नाबाई ही गोष्ट येईल-जाईल त्याला सांगायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, "होडी बरी निघाली."

बोईसरच्या बाजारात नलूची जागा ठरलेली होती. गिऱ्हाईक मासळीकडे बघायच्या आत ती स्वतःच पापलेटचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवायची. "माज्या शब्दावर जाव नका. बघा नि घ्या." कल्ला काळपट पडला असेल तर तो मासा ती वेगळा काढायची आणि तसं सांगूनच विकायची. शेजारी बसणारी साखरबाई मात्र शिळ्या माशावर ताजं पाणी मारून "आत्ताच आला" म्हणायची. त्यामुळे दोघींचं एकमेकींवाचून पानही हलत नसे आणि एकमेकींशी पटतही नसे.

नवऱ्याबद्दल नलूची तक्रार एकच होती. कमलाकांत व्यसनी नव्हता, भांडखोर नव्हता, होडीवर त्याचा शब्द खलाशी झेलत. पण हाकेला ओ द्यायची त्याला सवयच नव्हती. नलू स्वयंपाकघरातून "अवो" म्हणून हाक मारायची. काही नाही. पुन्हा मारायची. काही नाही. तिसऱ्या हाकेला चिडून बाहेर यावं तर हा दारात उभा.

"ओ द्यायला तोंडात काय पानी धरलंय?"

"आलो ना."

"आलो ते दिसतंय. ओ का नाय दिली?"

यावर तो इतक्या निरागसपणे बघायचा की नलूलाच वाटायचं, आपण काहीतरी जगावेगळं मागतो आहोत.

नव्वद सालच्या एप्रिलात, वैशाखाच्या तोंडावर, त्यांच्या दारात एक जीप येऊन थांबली. त्या गल्लीत स्लॅबचं घर तेव्हा एकच, कमलाकांतचं. गच्चीवर जवळ्याचा गुलाबी थर वाळत पडलेला, आणि त्याच्या राखणीला रत्नाबाई, हातात कावळे हाकायची काठी. जीपमधून उतरल्या त्या पुण्याच्या एका संस्थेतल्या बाई. नाव पुष्पलता. पस्तिशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी, आणि जवळ्याच्या वासाने अर्ध्या बंद झालेल्या नाकातूनही हसरा आवाज. त्यांना गच्ची हवी होती. समुद्राकाठची, रस्त्यावरच्या दिव्यांपासून लांबची आणि खाली वीज असलेली. अमावास्येच्या आसपासच्या थोड्या संध्याकाळी, बस. पुढे ढग चढले की काम संपलं.

"काम कसलं?" नलूने विचारलं.

"ढग बघायचे आहेत."

नलूने वर पाहिलं. आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख. "ढग खंय हायत?"

"तेच," पुष्पलता म्हणाल्या आणि त्यांचे डोळे एकदम चमकले. "दिसत नाहीत. पण बहुतेक आहेत. खूप वर, खूप पातळ. इतके पातळ की आपल्या डोळ्यांना त्यातून आरपार निळं दिसतं. बर्फाच्या बारीक कणांचे ढग."

"बरफाचे?" नलूने पदराने गळ्याचा घाम पुसला. "आत्ता? या उन्हात?"

"आत्ता. आपल्या डोक्यावर."

"दाखव," नलू म्हणाली. मग एकदम ओशाळून, "म्हंजे, दाखवाल का?"

"दाखवण्यासाठीच तर यंत्र आणलंय."

आणि नलूने गच्ची दिली. अंगात वारं भरल्यासारखी ती खाली आली. बर्फ म्हणजे तिचा रोजचा सोबती. लाद्या फोडून, भुसा झटकून, टोपलीत थर लावून त्याच्या जिवावर ती बोईसरपर्यंत मासळी ताजी नेत होती. तो वितळू नये म्हणून तिने जन्मभर धावपळ केली होती. आणि तो तिथे, वर, कुणी न सांभाळता, भर वैशाखात पसरून पडलाय? हे खरं असेल तर बघायलाच हवं, आणि खोटं असेल तर या पुण्याच्या बाईला तोंडावर सांगायला हवं.

रत्नाबाईने आकांत केला. "माजा जवळा खंय टाकू? तुज्या डोईवर?"

"आंगनात टाक, आये."

"आंगनात मांजरं हायत! दिसत नाय तो ढग बघायला जवळा उचलायचा? उद्या कोन येल, नसलेली मासळी विकील, तू घेशील?"

पण यंत्र वर चढायला लागलं तेव्हा काठी टेकत रत्नाबाईच सगळ्यांच्या पुढे होती. एक लांबट लोखंडी पेटी, तिच्यातून प्रकाश निघणार. शेजारी पिंपासारखी उभी दुर्बीण, तळाशी आरसा, तोंड आभाळाकडे. वायरींची भेंडोळी. आणि जिन्याच्या डोक्यावरच्या खोलीत एक कॉम्प्युटर, त्याचा पडदा हिरवट काळा.

नलूने सगळ्याभोवती फिरून बघितलं, होडी बघितली होती तसं. ठोकून बघायची तेवढी राहिली, कारण पुष्पलतांनी घाईने हात धरला.

"हे करतं काय?"

"हाक मारतं." पुष्पलतांना उत्तर शोधावं लागलं नाही, जणू कधीचं तयार होतं. "प्रकाशाची हाक. सरळ वर. वाटेत काही नसेल तर हाक जाते ती जाते. पण वर बर्फाचे कण असले तर त्यांना आपटून थोडासा प्रकाश परत येतो, या आरशात. किती वेळाने आला त्यावरून कळतं ढग किती उंच आहे. डोळा मिटून उघडेपर्यंत तो हजारदा जाऊन येईल, इतकं चटकन."

"म्हंजे ढग ओ देतो," नलू म्हणाली.

"अगदी! ओ देतो."

नलूने खाली अंगणात जाळं सांधत बसलेल्या नवऱ्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "ऐकलंव काय? ढगसुद्धा ओ देतो!" कमलाकांतने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"आनि किती उंच?" तिने पुष्पलतांना विचारलं.

"बघू. पंधरा-सोळा किलोमीटर असावा."

बोईसरला जाऊन परत येण्याइतकं. नलूने मनातल्या मनात रोजचा रस्ता उचलून आभाळाकडे उभा केला आणि तिला गरगरल्यासारखं झालं. मजाही वाटली.

त्या पेटीला थंड पाणी लागे. ती तापली की बंद पडे. पुष्पलतांनी आणलेल्या यंत्राचं पाणी दुपारीच कोमट झालं, तेव्हा नलूने आपली बर्फाची अर्धी लादी फोडून त्यात घातली. खालचा बर्फ घालून वरचा बर्फ बघायचा, हे तिला इतकं आवडलं की बाजारात ती सगळ्यांना तेच सांगत राहिली. साखरबाईने गिऱ्हाइकांच्या देखत हात जोडले. "नलूबाय, तुजा पापलेट आजपासून ढगातल्या बरफावर ठेव. आमी आपल्या जमिनीवरच्या."

"हसून घे. बघून येन नि सांगेन."

"आनि नाय दिसला तर?"

"तर तेबी सांगेन. मी काय शिळ्यावर पानी मारत नाय."

पहिल्या संध्याकाळी अंधार पडल्याबरोबर यंत्र सुरू झालं. टकटक असा बारीक आवाज, आणि गच्चीवरून एक हिरवी काठी निघाली. निघाली ती निघालीच. काठी कसली, खांब. सरळ, सडपातळ, चाफ्याच्या पानासारखा हिरवा, समुद्रावरच्या दमट हवेत उजळलेला. वर वर जात ताऱ्यांमध्ये दिसेनासा झालेला. खाली गल्लीत आरडाओरडा झाला. रत्नाबाईने काठी खाली ठेवून दोन्ही हात जोडले आणि मग, कुणाला जोडले ते न कळून, पुन्हा सोडले.

"पेटीच्या तोंडावर डोकवायचं नाही हं," पुष्पलता ओरडल्या आणि पडद्याशी धावल्या. "जरा वेळ लागेल. हाका साठवाव्या लागतात."

नलू त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर एक रेघ थरथरत होती. "इथे डाव्या हाताला जमीन, उजवीकडे उंची. ढग असला तर इथे कुठेतरी फुगवटा येईल." नलू श्वास धरून त्या 'इथे कुठेतरी'कडे बघत राहिली.

फुगवटा यायच्या आत किनाऱ्यावरून ओरडा आला.

होड्या परत येत होत्या. सगळ्या.

त्या किनाऱ्यावर एक जुनी रीत होती. घरात कुणी गेलं, किंवा जाण्याच्या वाटेवर असलं, तर घरावर बांबू उभा करून त्याला कंदील चढवायचा. समुद्रात असलेल्या माणसाला तो दिसला की त्याने जाळं तसंच सोडून घराकडे वळायचं, आणि एकाला वळताना बघितलं की बाकीच्यांनीही वळायचं, कारण दुःख घेऊन एकट्या होडीला येऊ द्यायचं नाही. नलूने स्वतः सासऱ्याच्या वेळी तो कंदील चढवला होता. तरी त्या सबंध दिवसात, बर्फाच्या आनंदात, तिच्या डोक्यात ही गोष्ट एकदाही आली नाही. होड्यांवरच्या माणसांनीही असला हिरवा उजेड जन्मात पाहिला नव्हता. पण तो कमलाकांतच्या घरावर उभा होता, आणि घरावर उभ्या उजेडाचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता.

कमलाकांत जिन्याने धावत वर आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. चेहरा उतरलेला. "आय! आय खंय हाय?"

रत्नाबाई भिंतीला टेकून भाजलेले शेंगदाणे सोलत होती. "हितं हाय. काय झालं?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग मटकन खाली बसला आणि त्याने आईच्या पायाचा अंगठा मुठीत धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"मेले नाय रे मी!" रत्नाबाई ओरडली. मग तिच्या लक्षात आलं. ती उठली, कठड्याशी गेली, किनाऱ्याला लागणाऱ्या दिव्यांच्या रांगेकडे तिने डोळे बारीक करून पाहिलं. "ह्या सगळ्या होड्या… माज्यासाठी वळल्या?"

"तुज्याचसाठी," नलू क्षीण आवाजात म्हणाली.

"अगो बाय," रत्नाबाई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मुलाच्या लग्नातही पसरलं नसेल.

बाकी कुणाला मात्र आनंद झाला नव्हता. पुष्पलतांना अंधार हवा होता म्हणून त्या अमावास्येला आल्या होत्या. आणि अमावास्येलाच उधाण. समुद्रात रोवून ठेवलेल्या डोलीच्या जाळ्यात याच दिवसांत मासळी भरभरून येते, आणि ती भरती-ओहोटीच्या ठरल्या वेळेला काढली नाही तर जाळ्यातच खराब होते. हंगामातली एक चांगली संध्याकाळ सगळ्या गावाची बुडाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर माणसं जमली. गावचा पाटील पुंडलिक, शांत बोलणारा म्हातारा, म्हणाला, "यंत्र आज उतरवायचं."

पुष्पलता उभ्या राहिल्या आणि त्यांनी माफी मागितली. सरळ, लांबण न लावता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या खाली बसल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या रुमालाची पार वात झाली होती. नलूने ते बघितलं. या बाईने वर्षभर एका यंत्रावर खपून, त्याला गोधडीत गुंडाळून इथवर आणलं होतं, आणि ढगाने ओ द्यायच्या आत हाक बंद होणार होती. पुढच्या अमावास्येला खरे ढग चढलेले असणार. आणि नलूला स्वतःला तर… नलूला बघायचंच होतं. आहे की नाही, एवढं तरी.

"पाटील," ती म्हणाली, "चूक मॅडमची नाय. माजी हाय. कंदील मला ठावूक व्हता."

"मग?"

"मग आजचा एक दिस द्या. उद्या सांजंला एकदाच लावतो. त्याच्या आधी एकूनएक होडीला सांगनं माज्याकडं. हिरवा उजेड म्हंजे कंदील नाय."

"एकूनएक? मुरब्याच्याबी होड्या हितं येतात. कोनाकोनाला गाठशील?"

"होड्यांना कशाला गाठू? बाजारात बायका गाठीन."

माणसं हसली. पण पुंडलिक हसला नाही. "बघ नले. एक जरी होडी वळली, तर यंत्र तवाच बंद. आनि पुन्हा तुज्या घरावर कसलाच उजेड नाय. कंदीलसुद्धा चढवायचा तर मला विचारून."

त्या शेवटच्या वाक्याने हसणं थांबलं. ज्या घराच्या कंदिलावर गावाचा भरवसा नाही ते घर एकटंच. नलूने कमलाकांतकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने वाळूत रेघ ओढत होता.

"काय अवो?" तिने विचारलं.

त्याने ओ दिली नाही.

"चालंल," नलू पाटलाला म्हणाली.

त्या दिवशी नलूने बोईसरच्या बाजारात मासळी कमी विकली आणि शब्द जास्त. नवापूरच्या, मुरब्याच्या, सातपाटीच्या बायका, प्रत्येकीपुढे ती उकिडवी बसली. "उद्या सांजंला माज्या घरावर हिरवा उजेड उभा ऱ्हाईल. तो कंदील नाय. कोन मेलं नाय. होडी वळवायची नाय. बोल बघू परत." आणि समोरची परत बोलून दाखवेपर्यंत ती उठायची नाही. हे परत बोलून घेणं नसतं तर काही खरं नव्हतं, कारण पहिल्याच मुरबेवालीने तिला परत बोलून दाखवलं ते असं, "उद्या सांजंला तुज्या घरी कोन मरनार नाय."

"ते देवाला ठावूक! उजेडाचं बोल!"

साखरबाईने मात्र अडून धरलं. "सांगते माज्या घोवाला. पन एका अटीवर. मीबी येनार बघायला. नि ढग नाय दिसला तर बाजारात उभं ऱ्हाऊन बोलायचं, साखरबाय खरी व्हती."

"ये. पन जिन्यात पान थुंकायचं नाय."

संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी होड्या निघाल्या तेव्हा ती किनाऱ्यावर उभी होती. नवापूरच्या प्रत्येक होडीवरून कुणी ना कुणी ओरडलं, "हिरवा कंदील नाय, नलूबाय!" कुणी थट्टेने, कुणी कंटाळून, पण ओरडलं. कमलाकांतने मात्र नुसता नांगर उचलला, वल्ह्याने होडी ढकलली आणि पाठ फिरवली.

अंधार पडता पडता गच्ची बायकांनी भरली. साखरबाई पुढे. रत्नाबाईने सगळ्यांना ओळीने बसवलं आणि परवाच्या होड्या कशा आपल्यासाठी वळल्या ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. जवळा काढलेल्या जागेवर बसायला तिने स्वतः चटई अंथरली होती. पुष्पलतांनी पेटीच्या पाण्यात हात घालून बघितला. नलूने दुपारी घातलेला बर्फ अजून तरंगत होता. "लावू?"

"लावा."

टकटक. हिरवा खांब उभा राहिला. बायकांचा एकच "आऽऽ" झाला, आणि साखरबाईने नकळत नलूचा दंड धरला.

नलू मात्र समुद्राकडे बघत होती. होड्यांचे दिवे दूर, मिणमिणते, जागच्या जागी. एकही हलत नव्हता. थोडा वेळ गेला. तरी नाही. ती पडद्याकडे वळली, आणि तेव्हाच मागून एक मुरबेवाली शेजारणीला म्हणाली, "आमच्या दादूची पोर असती तर तिबी आली असती बघायला."

नलू थबकली. "कोन दादू?"

"आमच्या शेजारचा गो. बायको वारली, पोर लग्न होवून गेली. घरात बाईमानूस नाय बिचाऱ्याच्या."

घरात बाईमाणूस नाही. म्हणजे बाजारात कुणी नाही. दादू आपली मासळी किनाऱ्यावरच टेम्पोवाल्याला देत असणार. नलूने सगळ्या बायकांना सांगितलं होतं, आणि बायकांनी आपापल्या घरांना. ज्याच्या घरात बाई नाही त्याचा तिला विचारच सुचला नव्हता.

ती कठड्याकडे धावली. दक्षिणेला, सगळ्यांपासून जरा बाजूला, एक दिवा हलला होता. हळूहळू, सरळ किनाऱ्याकडे.

"नलूताई!" आतून पुष्पलतांचा आवाज आला, इतका उंच की तो त्यांचा वाटेना. "नलूताई, आला! या, बघा, आला!"

नलू कठड्याशीच राहिली. तो दिवा येत होता. तो आला की बाकीचे वळणार, एकट्याला येऊ द्यायचं नाही म्हणून. इतकी माणसं चांगली असली की किती पंचाईत होते! मागे साखरबाई ओरडत होती, "अगो नले, ये ना, काय फुगलंय बघ!" आणि नलूला वाटलं आत्ता खाली धावावं, पाण्यात उतरून ओरडावं, पण इतक्या लांब कुणाची हाक पोचते?

मग दुसरा एक दिवा हलला. उत्तरेकडच्या होड्यांतून निघाला. पण तो किनाऱ्याकडे येत नव्हता. तो आडवा जात होता, झपाझप, दक्षिणेकडे, त्या एकट्या दिव्याच्या वाटेवर. जवळ गेला. दोन्ही दिवे एका जागी थांबले.

बराच वेळ काही झालं नाही. निदान नलूला तो बराच वाटला. रत्नाबाई काठी टेकत शेजारी येऊन उभी राहिली. "काय बघतेस?"

नलूने बोट दाखवलं.

एक दिवा मागे फिरला. दक्षिणेकडे, आपल्या जागेकडे. दुसरा तिथेच होता. आणि मग तो दिवा वर चढला. डोलकाठीच्या उंचीपर्यंत गेला, वर क्षणभर थांबला आणि खाली उतरला.

"माजा पोर हाय तो," रत्नाबाई म्हणाली. "दिवा चढवताना दोरीला हिसका देतो. बापसासारखा."

नलूने डोळे पुसले नाहीत, त्याला वेळ नव्हता. ती धावली. बायकांना ढकलत, साखरबाईच्या पायावर पाय देत ती पडद्याशी पोचली. "गेला? गेला काय?"

"आहे," पुष्पलता म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते, केस सुटले होते, आणि त्या चक्क खुर्चीवरून उठून पायांच्या चवड्यांवर उभ्या होत्या. "जात नाही तो. बघा."

रेघ जमिनीकडून उतरत उतरत निघाली होती, उजवीकडे जात जात जवळजवळ मेली होती, आणि तिथे, जिथे काहीच नसायला हवं तिथे, ती पुन्हा उठली होती. छोटासा फुगवटा. डोंगर नव्हे, टेकाडही नव्हे. पाण्याखालून मासा जाताना वर जेवढं हलतं तेवढं.

"सोळा किलोमीटरच्या जरा खाली," पुष्पलता म्हणाल्या.

नलू खोलीबाहेर आली आणि तिने मान पार मागे टाकून वर बघितलं. तारे. स्वच्छ, एकेक मोजून घ्यावेत असे. ढगाचा मागमूस नाही. ती पुन्हा आत गेली. फुगवटा. पुन्हा बाहेर. तारे. असं तिने इतक्यांदा केलं की बायका हसायला लागल्या.

"हाय!" ती शेवटी म्हणाली. बसलेल्या घशातून तो आवाज चिरकलाच. "हाय गो! खरंच हाय!"

साखरबाई पडद्याला नाक लावून बसली होती. "एवढासाच?"

"केवढा पायजे व्हता तुला?"

"नाय, म्हंजे…" साखरबाईने तोंडातलं पान गिळलं. थुंकायची बंदी होती. "बरफ आनि एवढा लांबून ओ देतो. आमच्याकडं तर शेजारच्या खोलीतून देत नाय कोन." सगळ्या बायका खो खो हसल्या, आणि त्या हसण्यातून नलूला कळलं की ही तक्रार तिच्या एकटीची नव्हती.

मग प्रत्येकीला बघायचं होतं. ओळ लागली. पुष्पलता प्रत्येकीला तेवढ्याच उत्साहाने सांगत होत्या. भातावर मलमलचं फडकं टाकलं तर ते दिसायला पातळ, पण वाफ धरून ठेवतंच ना, तसा हा ढग जमिनीची ऊब धरत असेल, किती धरतो तेच मोजायचंय. रत्नाबाईने बघून झाल्यावर विचारलं, "हा माज्यासाठी वळला काय?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच हसली. फुगवटा हळूहळू जाड झाला, जरा खाली सरकला, मग त्याचे दोन झाले. दोन झाले तेव्हा पुष्पलतांनी नलूला मिठी मारली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मासळीच्या वासाची पर्वा केली नव्हती.

होड्या त्यांच्या वेळेला, मासळीने भरून आल्या.

कमलाकांत घरी आला, पाय धुतले, पानावर बसला. नलूने भाकरी वाढली. कालवण वाढलं. समोर बसली.

"दादूकडं गेलता?"

"हं."

"कशाला?"

"तंबाखू संपली व्हती."

"नि दिवा कशाला चढवला वर?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "वात तिरकी व्हती. बघत व्हतो."

"वात बघायला डोलकाठीवर?"

त्याचे कान लाल झाले. नलू ते बघत राहिली. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, भाकरीचं टोपलं हातात घेतलं आणि तिथूनच, काही काम नसताना, हाक मारली.

"अवो!"

काही नाही. चुलीतला निखारा तडतडला. वर गच्चीवर पुष्पलता कुणाला तरी अजून तो फुगवटा समजावत होत्या.

"ओ," बाहेरून आवाज आला. घोगरा, अर्धवट, तोंडातल्या घासासकट.

नलू टोपलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. दाखव म्हणायची गरज नव्हती. भाकरी मात्र तिने त्याला आणखी एक वाढली, आणि त्यावर तुपाचा गोळा. तो पुष्पलतांनी पुण्याहून आणलेल्या तुपाच्या बरणीतला होता, पण त्याबद्दल तिने त्यांना सकाळी सांगायचं ठरवलं.